ट्रेडमार्कच्या अर्जानंतर आलेलं ते 'सरकारी' पत्र

ट्रेडमार्कचा अर्ज केला असेल किंवा करणार असाल, तर हे वाचा. आमचे पैसे गेले, आणि तेही एका अगदी 'सरकारी' दिसणाऱ्या कागदावर.

आम्ही माल विकत नाही, प्रशिक्षण देतो. म्हणून अर्ज सेवाचिन्हाचा, म्हणजे सर्व्हिस मार्कचा होता. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांची जी आंतरराष्ट्रीय वर्गवारी वापरतात, त्या नीस वर्गीकरणात एकूण ४५ वर्ग आहेत, पहिले ३४ मालाचे आणि पुढचे ११ सेवांचे. आमचा वर्ग ४१. फी भरली, पोचपावती आली आणि पाठोपाठ हे पत्र. कोपऱ्यात गोल मुद्रा, खाली बारकोड, मधोमध आमचं बोधचिन्ह. अर्ज क्रमांक, तारीख, वर्ग, सगळं बिनचूक. विषय होता 'आंतरराष्ट्रीय नोंद व प्रकाशन शुल्क'. रक्कम आणि शेवटची तारीख तेवढी ठळक. हिशेब बघणाऱ्या सहकाऱ्याने फाईल काढून क्रमांक ताडून पाहिला, तो जुळला, म्हणून त्याने पैसे पाठवले. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, आलेला कागद फाईलशी ताडणं हेच त्याचं काम.

खरी मेख त्या जुळण्यातच आहे. ट्रेडमार्कचा अर्ज गुप्त नसतो. अर्जदाराचं नाव, पत्ता, चिन्ह, वर्ग हे सारं ट्रेडमार्क कार्यालयाच्या ऑनलाइन नोंदवहीत कुणालाही दिसतं. अशी पत्रं पाठवणारी टोळी तिथूनच माहिती उचलते. पत्राच्या तळाशी फिकट करड्या, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं : 'हे देयक नसून प्रस्ताव आहे. रक्कम भरल्यास प्रस्ताव मान्य समजला जाईल.' तक्रार करायला गेलो तर हेच वाक्य आमच्यापुढे नाचवलं गेलं. पैशांच्या बदल्यात मिळालं काय, तर एका खासगी वेबसाइटवरच्या यादीत आमचं चिन्ह. कायद्याच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य.

खरी पद्धत माहीत असती तर पत्राचा विषय वाचूनच ते केराच्या टोपलीत गेलं असतं. अर्जानंतर कार्यालय परीक्षण करतं, आक्षेप असले तर उत्तर मागतं, मग चिन्ह प्रसिद्ध करतं, हरकतींसाठी मुदत देतं आणि शेवटी नोंदणी होते. प्रसिद्धीचं काम कार्यालयाचंच, तिसऱ्या कुणाला त्याचं शुल्क द्यायचं नसतं. जगभर चालणारी एकच नोंदणी तर अस्तित्वातच नाही. माद्रिद प्रणालीतून अनेक देशांसाठी एक अर्ज करता येतो, पण तो आपल्या देशाच्या कार्यालयामार्फत जिनिव्हाला जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जातो आणि पुढे प्रत्येक देश स्वतःच्या कायद्याने निर्णय घेतो. आम्ही तो अर्ज केलाच नव्हता, मग शुल्क कशाचं? याच संघटनेने अशा फसव्या पत्रांचे नमुने आपल्या वेबसाइटवर टाकले आहेत. आमच्या पत्राचा जुळा भाऊ तिथे सापडला, अर्थात पैसे गेल्यावर.

नूतनीकरणाच्या वेळीही हेच चालतं. नोंदणी बहुतेक देशांत १० वर्षांची असते, आणि मुदत संपायच्या बरीच आधी खऱ्या फीच्या कितीतरी पट रकमेची 'अंतिम सूचना' येते. वकील किंवा एजंट नेमला असेल तर कार्यालयाचा पत्रव्यवहार सहसा त्याच्याकडेच जातो, त्यामुळे थेट तुमच्या हाती पडलेला कागद आधी त्याला दाखवा.

फोनवरचा प्रकार आणखी निराळा. 'तुमच्या नावासाठी दुसरा कुणीतरी आमच्याकडे अर्ज घेऊन आलाय, आजच पैसे भरलेत तर तुमचा आधी टाकतो.' असा फोन आम्हालाही आला. तोवर आमचा अर्ज नोंदवहीत तारखेसह दिसत होता, आणि त्या पठ्ठ्याने तो उघडूनही बघितला नव्हता.