पोरांना प्राचीन ग्रीस दाखवायचंय, पण कशावर?

भाचा १३ चा, भाची ८ ची, दोघांना ग्रीक देवांचं वेड, म्हणून सुट्टीत तीन गोष्टी त्यांच्यासोबत बसून पाहिल्या. कोणाला निवडायचं असेल तर सांगते.

मोठ्या पोरांना असॅसिन्स क्रीड ओडिसी या व्हिडिओ गेमची डिस्कव्हरी टूर (२०१९). मूळ गेममध्ये नुसती कापाकापी, इथे ती काढून टाकलीय, आपण आपलं अथेन्समध्ये हिंडायचं, ३० टूर्स, जुना ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याच्यासारखे गाइड आणि शेवटी प्रश्नोत्तरं पण. भाचा दोन तास हलला नाही. पण पैसे पडतात, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि मूळ गेमसकट घेतलीत तर "मावशी, पाचच मिनिटं खरा गेम" सुरू होणारच, त्यापेक्षा पीसीसाठी नुसती टूर वेगळी मिळते ती घ्या.

दुसरं ऑलिंपियाचं, म्हणजे प्राचीन ऑलिंपिक जिथे व्हायचं त्या जागेचं अ‍ॅप, मायक्रोसॉफ्ट आणि ग्रीक सरकारने २०२१ ला काढलेलं. २७ इमारती थ्रीडीमध्ये पुन्हा उभ्या केल्यात. छान आहे, पण खरी मजा तिथल्या पडलेल्या खांबांसमोर फोन धरण्यात, घरी सोफ्यावर भाची लगेच कंटाळली.

लहान्यांसाठी माझं मत अक्रोपोलिस, म्हणजे अथेन्समधली जुन्या देवळांची टेकडी, तिथल्या म्युझियमवाल्यांच्या फुकट वेबसाइट्सना. पेप्लोस कोरे म्हणून मुलीची संगमरवरी मूर्ती आहे, इ.स.पू. ५३० च्या सुमाराची, तिच्यावर जुन्या रंगाचे अंश अजून दिसतात, तर तिला स्क्रीनवर रंगवायचं. भाचीने झगा मोरपंखी केला, काठ लाल, मग म्हणे हिचा डावा हात कोपरापासून कुठे गेला? तो वेगळा करून बसवलेला होता, निखळला, हे मला तरी कुठे माहीत होतं, शोधावं लागलं! पार्थेनॉन म्हणजे तिथलं अथेना देवीचं देऊळ, त्याच्या १६० मीटर शिल्पपट्टीचीही साइट आहे. घोडेस्वार, बळीचे बैल, पाण्याच्या घागरी घेतलेले लोक, आणि शेवटी अथेनासाठी विणलेलं वस्त्र, बहुतेक अभ्यासक तरी तसंच मानतात. मी सरळ सांगितलं, पालखी निघालीय आणि देवीला साडी नेसवायचीय. पुढचं तिने स्वतःच बघितलं, घोडे मोजत मोजत.

मराठी कशातच नाही हां, त्यामुळे लहान असेल तर शेजारी बसून सांगावंच लागतं. टॅब देऊन स्वयंपाकाला जायचा बेत असेल तर तेरा वर्षांवरच्यांनाच द्या. आणि दोघं एकत्र असतील तर आधी कोरे रंगवून घ्या, मग गेम लावा, उलटं केलंत तर रंगवायला कोणी येत नाही.