व्हॉल्व्ह अँप: आवाज झकास, पण बॉडीला करंट (५ पैकी १ स्टार)

मेव्हण्याने ऑनलाइन मागवलेला बिनकंपनीचा व्हॉल्व्ह अँप (जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा), एफएम-ब्लूटूथ सगळं आतच, ॲल्युमिनियमची बॉडी आणि वर दोन व्हॉल्व्ह लालसर पेटलेले. जुळे सोलापुरात त्याच्या हॉलमध्ये लावून ऐकला, मग माझ्याकडे आणून खोलला. आवाजाचं आधी सांगून टाकतो, आवाज लै भारी आहे ओ, विविध भारतीवर जुनं गाणं लागलं की बसून ऐकावंसं वाटतं, थोडी हमिंग आहे पण ती चालतीय. स्टार कापलेत ते दुसऱ्याच कारणाने.

एका हातात उचलला तेव्हाच शंका आली, कारण व्हॉल्व्ह अँप एवढा हलका असतच नाही. बॉडीला टेस्टर लावला तर टच्चकन पेटला, प्लग उलटा करून घातला की विझला. टू पिन आहे ना, कसाही बसतो. मीटरने बॉडी ते अर्थिंग मोजलं तर पुरे २३० व्होल्ट! लॅपटॉपच्या चार्जरला हलक्या मुंग्या येतात तो प्रकार वेगळा, तिथं बारीक कंडेन्सरमधून जरासाच करंट झिरपतो, इथं फेज सरळ बॉडीवर आहे आणि ऑक्सच्या सॉकेटची बाहेरची कडी पण त्याच बॉडीला, म्हणजे वायर लावून मोबाईल हातात धरला की फेज मोबाईलपर्यंत आला. आपल्याकडं मे महिन्यात हात घामेजलेले, खाली नुकतीच पुसलेली शहाबादी, अजून काय सांगू.

आत मेन ट्रान्सफॉर्मरच नाही, म्हणजे घरातली लाईन सरळ सर्किटला आणि बॉडीला. स्वस्त का, तर त्याच्यामुळंच. दोन यूसीएल ८२ व्हॉल्व्ह, त्यांचे ५०-५० व्होल्टचे हीटर (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा) सिरीजमध्ये, उरलेले १३० व्होल्ट एका सिमेंटच्या रेझिस्टरवर. १०० मिलीअँपिअरने १३ वॅटची धग होते आणि रेझिस्टरवर छापलंय १० वॅट, त्याला टेकून साधी पीव्हीसी वायर गेलीय, तिचं कव्हर आत्ताच पिवळं पडलंय. मेन कंडेन्सर ३१५ व्होल्टपर्यंतच सोसणारा, आणि २३० डायोडमधून गेले की ३२५ होतात, रात्री सप्लाय चढला की अजून जास्त. फ्यूज शोधला, नाही सापडला. केबल जिथं आत शिरते तिथं रबराची रिंग पण नाही, पत्र्याची धार थेट वायरवर.

जुने रेडिओ पण असेच होते की, असं म्हणणारे भेटतील. होते, काही शहरांत तेव्हा डीसी सप्लाय होता म्हणून एसी-डीसी सेट बिनट्रान्सफॉर्मरचे निघायचे, पण चासी (आतला पत्र्याचा सांगाडा) लाकडी नाहीतर बेकेलाइटच्या डब्यात बंद, मागं पुठ्ठा, बटणं पण बेकेलाइटची, माणसाचा हात धातूला लागूच द्यायचे नाहीत. इथं तोच सर्किट उघड्या पत्र्यात बसवलाय.

सेलरला मेसेज टाकला तर म्हणे प्लग उलटा करून वापरा. बरं, अर्थिंगची वायर जोडून पण हे सुटत नाही, फेज बॉडीवर आला की सरळ शॉर्टच. हात लागून शॉक बसला तर घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडं गळला की सप्लाय तोडणारा स्विच) असेल तर तो ट्रिप होऊन वाचवेल, नुसता एमसीबी तिथं काही करणार नाही. खरा उपाय १०० व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे अँपला मेन लाईनपासून वेगळा करणारा, मग बॉडीला अर्थ देता येतो, पण तेवढे पैसे घालायचे तर चांगलाच अँप येईल की.

कुणाकडे आधीच असेल आणि उघडायची हौस असेल तर एक लक्षात ठेवा, चालू करून व्हॉल्व्ह तापायच्या आत बंद केला तर प्लग काढल्यावर पण कंडेन्सरमध्ये ३०० च्या वर व्होल्टेज तसंच पडून राहतं, ते उतरवणारा रेझिस्टर, म्हणजे ब्लीडर, लावलेलाच नाही. मीटर लावल्याशिवाय आत बोट घालू नका.

नुसता व्हॉल्व्हचा उजेड आणि थोडी मजा पाहिजे असेल तर ६जे१ व्हॉल्व्हवाले छोटे प्रीअँप (अँपच्या आधी जोडायचे) मिळतात, १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालणारे, ॲडॉप्टर तेवढा धड कंपनीचा घ्या. हा मात्र रिटर्नला टाकलाय.