स्टेजवरचे हमिंग आणि डीआय बॉक्स : आठ महिन्यांच्या वापरानंतर

भावगीतांच्या आणि नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना मी की-बोर्डची साथ करतो. गेल्या गणेशोत्सवाच्या तोंडावर मी रेडियल कंपनीचा ‘प्रो-डी-टू’ हा दोन चॅनेलचा पॅसिव्ह (विजेविना चालणारा) डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल लांबच्या मिक्सरला पाठवण्याजोगा करणारी छोटी पेटी, घेतला आणि त्यानंतर मंडपापासून बंदिस्त नाट्यगृहापर्यंत प्रत्येक ठिकाणी तोच वापरला. तो घेण्यामागे एकच कारण होते, ते म्हणजे हमिंग, स्पीकरमधून सतत येणारी घरघर.

हा आवाज किती छळतो, हे सुरात बसलेल्या माणसालाच विचारावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे स्पीकरमधून ५० आणि १०० हर्ट्झचे स्वर अखंड घुमत राहतात. गायकाचा षड्ज पांढरी एक असेल, तर खर्जातला पंचम ९८ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि त्याला चिकटून हा १०० हर्ट्झचा किंचित चढा, परका पंचम वाजत असतो. नांदी सुरू होण्याआधीच्या शांततेत तो ऐकू आला की गायकाची मान माझ्याकडे वळत असे.

कारण उमगले ते लॅपटॉपमुळे. की-बोर्डला जोडलेल्या लॅपटॉपचा चार्जर काढला की घरघर थांबे, लावला की पुन्हा सुरू होई. स्टेजवरची वाद्ये एका प्लगवर आणि मिक्सर प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला दुसऱ्याच प्लगवर असतो. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये विद्युतदाबाचा थोडा जरी फरक असला, तरी त्यांना जोडणाऱ्या केबलमधल्या, तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून प्रवाह वाहू लागतो. आणि साध्या अनबॅलन्स्ड (सिग्नलची एकच तार असलेल्या) केबलमध्ये तीच जाळी सिग्नलचीही परतीची वाट असल्याने तो प्रवाह थेट सुरांत मिसळतो.

या बॉक्समध्ये प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर आहे. सिग्नल तारेच्या थेट जोडणीविना, चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो आणि तेथून बॅलन्स्ड होऊन, म्हणजे जाळीवर न विसंबता दोन तारांवरून, निघतो. ‘ग्राउंड लिफ्ट’चे बटण दाबले की एक्सएलआरच्या (मिक्सरकडे जाणाऱ्या तीन पिनांच्या जॅकच्या) पहिल्या पिनेवरची जाळीची जोडणीही तुटते. पहिल्याच मंडपात, जनरेटर चालू असताना, मी ते बटण दाबले. साउंडवाल्यांनी फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) हळूहळू वर नेला, तरी स्पीकर गप्पच राहिले. चार्जर तेव्हाही लावलेलाच होता.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आजही दिसते. आवाज थांबतो हे खरे, पण उपकरणात बिघाड होऊन धातूच्या आवरणात वीज उतरली, तर तिला जमिनीकडे जायला वाट उरत नाही, आणि गिटार हातात धरून माइकला ओठ लावणारा कलाकार त्या विजेची वाट होतो. ग्राउंड लिफ्ट फक्त ध्वनीच्या केबलमधली जोडणी तोडतो, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही.

माझ्या की-बोर्डचे आउटपुट बरेच मोठे आहे, त्यामुळे सिग्नल १५ डेसिबलने कमी करणारा पॅड मी बहुतेक वेळा चालू ठेवतो. बॅटरी किंवा फँटम पॉवर (मिक्सरकडून केबलवाटे येणारी वीज) लागत नाही. पोलादी आवरण पुढे आलेले असल्याने बटणे आणि जॅक आत सुरक्षित राहतात. दोनदा स्टेजवरून खाली पडूनही त्यात फरक पडलेला नाही.

सगळ्याच घरघरीवर मात्र हा उपाय नाही. आमच्या गिटारवादकाच्या सिंगल-कॉइल पिकअपमध्ये (तारांचे कंपन टिपणाऱ्या एकाच वेटोळ्यात) दिव्यांच्या डिमरचा जो करकर आवाज शिरतो, तो वाद्यातच शिरलेला असल्याने बॉक्स तो इमानाने पुढे पाठवतो. पीझो पिकअपला (वाद्याला चिकटवून कंपने टिपणाऱ्या) या बॉक्सपेक्षा कितीतरी जास्त इनपुट इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला आत शिरताना होणारा विद्युतरोध, लागतो. संवादिनीवर असा पिकअप लावून पाहिला तेव्हा आवाज पातळ आला, तेथे अॅक्टिव्ह (विजेवर चालणारा) डीआयच हवा. आणि एका कार्यक्रमात बारीक घरघर परत आली, ती बॉक्स की-बोर्डच्या जड अॅडॅप्टरला खेटून ठेवल्यामुळे. अॅडॅप्टरमधल्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र बॉक्सपर्यंत पोहोचत होते. बॉक्स हातभर लांब सरकवताच आवाज थांबला. आता अॅडॅप्टर स्टँडच्या डाव्या पायाशी आणि बॉक्स उजव्या पायाशी, हीच त्यांची जागा ठरलेली आहे.