बचनागाच्या कुळातले विष आणि एक जुने वचन : 'मंक्स हूड'

ख्रिस्ती वातावरणातल्या रहस्यकथा मी आवडीने वाचते. पण त्यांतल्या बऱ्याच कथांत चर्च केवळ पार्श्वभूमीला असते आणि प्रेमप्रकरण चवीपुरते घातलेले असते. एलिस पीटर्स या टोपणनावाने लिहिणाऱ्या एडिथ पार्जेटर यांच्या 'मंक्स हूड' (१९८०) या कादंबरीत मात्र यांपैकी एक जरी काढून घेतले, तरी खुनाचा तपासच उभा राहत नाही, आणि म्हणूनच ब्रदर कॅडफेल मालिकेतले हे तिसरे पुस्तक मला सर्वांत जवळचे वाटते. रहस्यकथांसाठी दिला जाणारा सिल्व्हर डॅगर पुरस्कार त्याला उगाच मिळालेला नाही.

काळ ११३८ च्या डिसेंबरचा आणि स्थळ इंग्लंडमधील श्रूजबरीचा बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचा मठ. आपली जहागीर मठाला देऊन उतारवयात त्याच्या आश्रयाला आलेला बोनेल, दानपत्रावर मोहोर उमटण्यापूर्वीच जेवता जेवता विषबाधेने मरतो. प्रायरकडून, म्हणजे मठाधिपतीच्या खालोखालच्या अधिकाऱ्याकडून, त्याच्यासाठी मुद्दाम आलेल्या तित्तिराच्या रश्श्यात कोणीतरी विष कालवलेले असते. मठाची औषधी बाग सांभाळणारा कॅडफेल धावत जातो आणि त्याला एकापाठोपाठ दोन धक्के बसतात. विष त्याच्याच हातचे असते : म्हाताऱ्या मठवासीयांचे आखडलेले सांधे चोळण्यासाठी मंक्सहूडची मुळी कुटून, मोहरीच्या आणि जवसाच्या तेलात मिसळून त्याने केलेले तेल. (मंक्सहूड ही बचनागाच्याच कुळातली वनस्पती, त्यामुळे असे चोळायचे औषध पोटात गेल्यावर काय होते, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून द्यावे लागत नाही.) आणि मृताची पत्नी रिचिल्डिस ही तीच, जिला लग्नाचे वचन देऊन कॅडफेल चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी धर्मयुद्धावर निघून गेला होता.

संशय येतो तो तिच्या पहिल्या लग्नाच्या कोवळ्या मुलावर, एडविनवर. त्याला वाचवायचे तर रिचिल्डिसशी बोलायला हवे, आणि बोलावे तर मठात कुजबुज सुरू होणार. तसेच घडते, मठातलाच ब्रदर जेरोम त्यांचे बोलणे चोरून ऐकतो आणि कॅडफेलला मठाची हद्द ओलांडण्यास मनाई होते. आज्ञापालनाचे व्रत त्याने स्वतःहून घेतले आहे. मुलाचा जीव टांगणीला लागलेला असताना ते व्रत पाळणाऱ्या कॅडफेलची तगमग लेखिकेने फार हळुवारपणे रंगवली आहे, आणि दोन वयस्क माणसांमधला जुना जिव्हाळाही तितक्याच संयमाने.

मधली काही पाने जमिनीच्या हक्कांच्या तपशिलात अडकतात. ती मला दोनदा वाचावी लागली. पण तो तपशील नीट लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज पडते.

गुन्हेगाराचे नाव येथे सांगत नाही. त्याचा कबुलीजबाब ऐकल्यावर कॅडफेल जो निर्णय घेतो, त्यात शिक्षा कोठे संपते आणि प्रायश्चित्त कोठे सुरू होते, हा प्रश्न एका माणसाच्या आयुष्याएवढा मोठा होऊन समोर येतो. पुस्तक मिटल्यावर दुसऱ्या दिवशी मी तेच प्रकरण पुन्हा वाचायला घेतले.