मंडईचं नाटक की टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा?

भाऊबीज झाली की आमच्या गडचिरोलीतल्या वडशाकडे हा पेच सुरू होतो. गावात मंडई म्हणजे जत्रा, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. आणि नेमकी तेव्हाच घरी टीव्हीवर गाण्याची स्पर्धा. चारचौघांत मी पक्का नाटकवाला. पण दोन हंगामांपासून त्या रात्री मी घरीच असतो, दार लोटून.

नाटकाची बाजू लंगडी नाही. ऑर्गन, ढोलकी समोर वाजते, सूर घसरला तर सगळ्यांसमोर घसरतो. झाडीपट्टीचे, म्हणजे आमच्याच या पूर्व विदर्भातले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आम्ही पानठेल्यावर पेढे वाटले. पहाटेपर्यंत जागायचं, थंडीत कुडकुडायचं, तेही चालतं.

माझं बिनसलं ते बक्षिसावरून. शेवटचा नाटकाला गेलो त्या खेपेला नायिकेनं असा आलाप उचलला की बाजूचा म्हातारा सुपारी चघळायचा थांबला. तेवढ्यात माईक खरखरला : "आपल्या गावच्या भाऊंकडून ५१ रुपये!" बाईनं आलाप तिथंच सोडला, हात जोडले, पुन्हा मुखड्यापासून सुरुवात. अंतऱ्याला आली तर आणखी ५१. तेच भाऊ! कलावंताच्या हातात चार पैसे पडतात, त्यावर बोलू नये हे कळतं. पण ते पद मी आजवर पूर्ण ऐकलेलं नाही.

टीव्हीवरही वैताग आहेच. आईवडिलांचं रडणं, परीक्षकांचं कौतुक, 'निकाल ब्रेकनंतर'. म्हशीला तणस टाकून, हातपाय धुऊन आलो तरी निकाल लागलेला नसतो. मात्र गाणं सुरू झालं की मध्ये कोणी बोलत नाही. २००८-०९च्या लिटिल चॅम्प्समध्ये प्रथमेश लघाटे नाट्यपद गायला बसला की आमच्या घरी चुलीवरची भाकरसुद्धा करपायची. जिंकली कार्तिकी गायकवाड. माझं मन मात्र त्या पोराकडेच होतं.

तुमचं वय तिशीच्या आत असेल, सोबतीला चार मित्र असतील, तर नाटकालाच जा, एखादं तरी पाहिलंच पाहिजे. नुसत्या गाण्यासाठी जायचं असेल तर, माझ्यापुरतं सांगतो, घरी बसलेलं बरं.

सकाळी शेजारी विचारतोच, "का भाऊ, राती नाटकाले दिसले नाही?"

"खोकला होता," म्हणतो मी.