शंभर लिटरचा म्हणून विकलेला टँक

गोल्डफिश पाळायचा विचार असेल तर खरेदीला जाण्याआधी हे वाचा. तीन महिन्यांत आमच्याकडचे तीन मासे मेले आणि चौथा मरता मरता वाचला. दर वेळी मी त्याच विक्रेत्याकडे विचारायला गेले आणि शेवटची खेप सोडली तर दर वेळी आणखी काहीतरी विकत घेऊन परतले.

सुरुवात गोल काचेच्या बाऊलपासून झाली. मुलीला मासे हवे होते. विक्रेत्याने आठ लिटरचा बाऊल पुढे केला आणि त्यात गोल्डफिशचे दोन प्रकार, एक लांबट कॉमेट आणि एक काळा, डोळे बाहेर आलेला मूर, सोडून दाखवले. एवढ्याशा पाण्यात दोघं मावतील का, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, "ताई, गोल्डफिश बाऊलमध्येच ठेवतात. मासा भांड्याच्या मापाने वाढतो. भांडं लहान तर मासा लहान."

हे वाक्य तुमच्याही कानावर पडेल, म्हणून त्यातलं खोटं आधी सांगते. कॉमेट नीट वाढला तर जवळजवळ एक फुटाचा होतो. मूर, ओरांडा, फँटेल हे गुबगुबीत प्रकार १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत जातात. बरी काळजी घेतली तर ते १० ते १५ वर्षं जगतात, काही त्याहूनही जास्त. लहान भांड्यात मासा लहान राहतो तो स्वतःच्याच घाणीत राहिल्यामुळे. खुरटलेलं मूल पाहून कुणी त्याला 'घराच्या मापाचं झालं' म्हणेल का?

गोल्डफिशला जठर असा अवयवच नसतो. अन्न आतड्यातून पुढे सरकत जातं, मासा दिवसभर खात राहतो आणि तेवढीच घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया पाण्यात उतरतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पाणी अगदी स्वच्छ दिसत असतं. आमच्या बाऊलचं पाणीही आरशासारखं होतं, आणि चौथ्या दिवसापासून दोन्ही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होते. मुलगी म्हणाली, ते आपल्याशी बोलतायत. मलाही तसंच वाटलं होतं. नवव्या दिवशी मूर गेला.

मी तक्रार घेऊन गेले तेव्हा त्याने फार सहानुभूती दाखवली. म्हणाला, बाऊल तुम्हाला जमणार नाही, मोठा टँक घ्या, हा पूर्ण शंभर लिटरचा आहे. सोबत एक फिल्टर, एक हीटर आणि दोन ओरांडा दिले. "कचरा खायला" एक सकर, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारा मासा, आणि "टँक उठून दिसायला" चार टायगर बार्ब मासे. शंभर लिटरमध्ये हे सगळे आरामात राहतील, असं त्याने दोनदा सांगितलं. हीटर २८ अंशांवर लावायला सांगितला. आणि आठवड्याला सगळं पाणी काढून टाकायचं, दगड आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसखसून धुवायचा, ही सूचना तर त्याने मला कागदावर लिहून दिली.

मी ती अक्षरशः पाळली. याचं मला अजूनही वाईट वाटतं. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी विषारी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू त्या स्पंजवर आणि दगडांवरच वाढतात. त्यांची वसाहत नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. म्हणजे दर रविवारी मी माझ्या हाताने टँक पहिल्या दिवसावर आणून ठेवत होते. एक ओरांडा तिसऱ्या आठवड्यात गेला. त्याच्या शेपटीवर लाल रेघा उमटल्या होत्या आणि पर अंगाशी चिकटवून तो तळाशी बसून राहायचा. त्याच सुमारास एक बार्बही मेला.

उरलेल्या ओरांडाची शेपूट कातरल्यासारखी दिसायला लागली. ते काम बार्बचं होतं, ते मी दिवसा पाहिलं. टायगर बार्ब मोठ्या थव्यात राहणारा चपळ मासा आहे. तीन-चारच असले की लांब परांच्या, संथ माशांच्या मागे लागतो. उजव्या कुशीवरची गोल जखम मात्र मला समजत नव्हती. विक्रेत्याने ती बुरशी असल्याचं सांगून निळं औषध दिलं. शंभर लिटरच्या हिशोबाने टाका म्हणाला. दुसऱ्या दिवशी ओरांडा कलंडला.

रात्री दोनच्या सुमारास मी टँकवर टॉर्च मारला. सकर ओरांडाच्या कुशीला तोंड लावून चिकटलेला होता. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो, तो खरवडून खात होता. ओरांडा अंग झटकायचा, थोडा पुढे जायचा, सकर पुन्हा चिकटायचा. किती रात्री हे चाललं असेल कोण जाणे.

सकर बादलीत काढून ठेवला आणि झोप येईना म्हणून औषधाची बाटली वाचत बसले. त्यावर लिटरमागे किती थेंब ते छापलेलं होतं. सहज मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन टँक मोजला. लांबी ६०, रुंदी ३०, उंची ३० सेंटिमीटर. तिन्हींचा गुणाकार ५४,०००, त्याला १,००० ने भागलं की लिटर मिळतात. चोपन्न लिटर! पाणी तर २५ सेंटिमीटरपर्यंतच भरलेलं होतं, म्हणजे ४५ लिटर, आणि दगडांनी व्यापलेली जागा वजा केली तर त्याहून कमी. शंभर लिटरचं औषध मी चाळीसेक लिटरमध्ये ओतलं होतं. ते निळं औषध फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतं, हे मला पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी मी मापं लिहिलेला कागद घेऊन गेले. तो गिऱ्हाइकात गुंतला होता, म्हणून मी आत मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. तिथे चार फुटी टँक होता. आत सहा मोठे ओरांडा, हाताच्या पंजाएवढे. दोन स्पंज फिल्टर बुडबुडत होते. हीटर नव्हता, सकर नव्हता, बार्ब नव्हते. तळात एकही दगड नव्हता. मी विचारलं, यांच्यात कचरा खायला सकर का नाही? तो पटकन म्हणाला, "नाही नाही, सकर लावला तर यांना खराब करेल. हे विकायचे नाहीत, ब्रीडिंगचे आहेत."

त्या उत्तराने मला जेवढं दुखावलं तेवढं मेलेल्या माशांनीही नाही. अज्ञान असतं तर मी समजून घेतलं असतं. त्याला सगळं ठाऊक होतं. कागद दाखवल्यावर तो म्हणाला, मासे म्हणजे मरायचेच, नवीन न्या, या वेळी सूट देतो. मी काही घेतलं नाही. बार्ब आणि सकर त्याला परत दिले. पैसे मिळाले नाहीत.

आता जे शिकले ते. टँकचे लिटर विक्रेत्याच्या तोंडून घेऊ नका, टेप सोबत न्या आणि तिथेच गुणाकार करा. गुबगुबीत प्रकाराच्या पहिल्या माशाला निदान ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला आणखी ४० लिटर धरा. कॉमेटसारख्या लांबट, वेगवान प्रकाराला लांब, मोठा टँक हवा, आणि खरं तर त्याची जागा तळ्यातच. उंच टँकपेक्षा पसरट टँक घ्या, कारण प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून मिसळतो. गोल बाऊल वरपर्यंत भरला की नेमका तोच पृष्ठभाग आक्रसतो.

जोडीदाराबद्दल माझं मत ठाम झालंय: गोल्डफिशला गोल्डफिशच सोबत द्या, तोही त्याच्याच चालीचा. कॉमेट आणि ओरांडा एकत्र ठेवले तर खाणं पडताच कॉमेट सगळं फस्त करतो, ओरांडाला डोक्यावरच्या मांसल टोपीमुळे धड दिसतही नाही. मूरचीही नजर अधूच असते. सकर, फायटर, गप्पी, निऑन टेट्रा हे उष्ण पाण्याचे मासे. गोल्डफिशला १८ ते २२ अंशांचं पाणी मानवतं. एकाला सुखावणारं पाणी दुसऱ्याला त्रास देतं, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी. शिवाय तोंडात मावेल तो मासा गोल्डफिश गिळतो, निऑनसारखा इवलासा मासा तर सहजच. सकर घाण खातो हेही खोटं. लहानपणी तो शेवाळ खातो, विष्ठा कधीच नाही. मोठा होऊन फूटभराच्या पुढे जातो आणि स्वतः भरपूर घाण करतो.

कोणी विकताना "आजच टँक, आजच मासे" म्हणालं तर तिथून निघा. आधी टँक, फिल्टर आणि अमोनिया-नायट्राइट मोजायचं किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आधी वाढून मग शून्यावर येऊन टिकले की मगच मासा आणा.

ओरांडाला मी तेव्हा एका मोठ्या प्लास्टिकच्या टबात ठेवलं. रोज अर्धं पाणी बदललं, क्लोरीन घालवलेलं, त्याच तापमानाचं. किटवर पहिल्या दिवशी रंग गडद हिरवा, म्हणजे अमोनिया भरपूर, आला होता, तो फिकट पिवळ्यावर, म्हणजे शून्यावर, यायला पाच आठवडे लागले. कॉमेट एका ओळखीच्यांच्या बागेतल्या बंदिस्त तळ्यात गेला. नदी-ओढ्यात असे मासे कधीही सोडू नका, तिथल्या मूळ माशांच्या जिवावर बेततं.

ओरांडा आता १४ सेंटिमीटरचा आहे. महिनाभर वेगळा ठेवून मग सोडलेला दुसरा ओरांडा त्याच्या सोबत असतो. कुशीवर जिथे जखम होती तिथले खवले पांढरे आले आहेत, तो वळला की दिसतात. टँकच्या कोपऱ्यावर मुलीने मार्करने लिहून ठेवलंय: ९० × ४५ × ४५, म्हणजे १८२ लिटर, भरलेलं १६२.