यमुनापर्यटनाची छापील प्रत, सात महिन्यांनंतर : ठिपका गळला, नवराही गळला

सातव्या महिन्यात पुठ्ठ्याने आणि पानांनी काडीमोड घेतला, तेव्हा हे लिहायला मुहूर्त लागला. प्रत कोणाची ते सांगत नाही. जुन्या स्कॅनवरून मागणी येईल तशी छापून देणारे सगळे एकाच माळेचे मणी. बाबा पदमनजी, 1857, मराठीतली पहिली कादंबरी, हे सगळ्यांना पाठ आहे, ते पुन्हा नको.

किंमत साडेतीनशे. तेवढ्यात झेरॉक्स काढून स्पायरल मारली असती तर पुस्तक टेबलावर निदान उघडे राहिले असते.

बाइंडिंगचे आधी उरकतो. शिलाई नाही, नुसता गरम डिंक; त्यात कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, कण्याला आडवा. पान वळायला तयार नाही, ताण सगळा डिंकावर, आणि वाळलेला डिंक मधोमध तडकतो. सेलोटेप लावू नका, वर्षभरात पिवळी पडून पानेच चिकटवते. पुठ्ठा पूर्ण सोडवा, पाने ठोकून सरळ करा, दोन फळ्यांमध्ये आवळा. कण्यावर बारीक करवतीने दोन मिलिमीटर खोल पाच खाचा पाडा, त्यांत सुती दोरा बसवा, फेव्हिकॉल भरा, वरून मलमलची पट्टी. चोवीस तास हात लावायचा नाही. खर्च चाळीस रुपयांच्या आत, आणि नव्यापेक्षा मजबूत.

आता खरे दुखणे. अनुस्वार.

1962 च्या साहित्य महामंडळाच्या नियमांनी उच्चार नसलेले अनुस्वार काढून टाकले, त्यामुळे आजच्या वाचकाला जुन्या पुस्तकातले ठिपके म्हणजे नुसती नक्षी वाटते. नक्षी नाही ती. ‘ती’ म्हणजे एक बाई. ‘तीं’ म्हणजे नपुंसकलिंगी अनेकवचन. बाई आणि पुरुष मिळून असले की मराठीत हेच नपुंसक अनेकवचन येते. म्हणून यमुना आणि तिचा नवरा विनायक दोघे प्रवासाला निघाले तर जुन्या लेखनात ‘तीं निघालीं’. दोन ठिपके गाळा, ‘ती निघाली’. नवरा गेला! विधवांच्या दुःखावरच्या पुस्तकात छापणाऱ्याने नवऱ्याच्या मरणाआधीच बायकोला विधवा करून ठेवले.

पुढच्या वाक्यावरून ताळा घ्यावा म्हटले तर तिथे उलटा न्याय. ‘त्यांस’मधला ठिपका गेला की ‘त्यास’ उरते, म्हणजे आता बायको गायब आणि नवरा एकटा. आणि जिथे मूळ पानावर माशीचा डाग आहे तिथे ‘ती’ची ‘तीं’ होऊन एकट्या बाईला सोबत मिळते.

हे होते कसे? स्कॅन करणाऱ्याने फाइल हलकी ठेवायला पान करड्या छटांऐवजी निव्वळ काळे-पांढरे केले, आणि वर ‘डाग काढा’ चालू ठेवले. बारीक टायपातला ठिपका साधारण 0.4 मिलिमीटर, 300 डीपीआयला (इंचाला 300 पिक्सेल) तो जेमतेम पाच पिक्सेलांचा. यंत्राला तो धूळच वाटतो. 600 डीपीआय, करड्या छटा, डाग काढणे बंद, एवढे केले असते तर ही रड नव्हती. त्याच स्कॅनवरून ओसीआर करून, म्हणजे यंत्राकडून अक्षरे ओळखवून, केलेली मोबाइलवरची फाइल तर आणखी बेकार: काही पानांवर जुने अनुस्वार, काही पानांवर नवे लेखन, मग शोध घेतला की निम्मी ठिकाणे सापडत नाहीत. एक तर सगळे ठेवा, नाही तर सगळे नव्या नियमांत बसवा आणि ‘ती दोघे’ असे फोडून लिहा. बायबलात मत्तय 5:18 मध्ये नियमशास्त्रातल्या बारीकशा रेघेचीही हमी आहे, छापखान्यावर ती लागू नसावी.

उपाय एकच: एचबी पेन्सिल. दर पानावर आधी क्रियापदे बघायची. बाजूला ‘दोघें’, ‘उभयतां’ असे काही असेल तर ठिपका गळला हे पक्के. नसेल तर मागचा परिच्छेद. एका बैठकीत बारा पानांपेक्षा जास्त होत नाहीत.

आणि इथेच मत बदलावे लागले. पहिल्या महिन्यातला शेरा होता: प्रचारपुस्तक, दोन तारे. भराभर वाचले की तेच दिसते. धर्माच्या वादात समोरचा माणूस शंका काढतो ती मुद्दाम लंगडी, उत्तर मात्र पाळकाच्या थाटात. पण ठिपके लावत बोटभर वेगाने वाचताना विधवांच्या हकिगती वेगळ्याच लागल्या. केशवपन, एकवेळचे जेवण, घरातल्यांचे टोमणे, हे सांगताना लेखक वाद विसरतो आणि नुसता ऐकतो. तो तेव्हा पंचविशी-सव्विशीतला, बाप्तिस्मा घेऊन जेमतेम तीन वर्षे झालेली (1854). नव्या विश्वासणाऱ्याची घाई वादात दिसते, हकिगतीत दिसत नाही. तिसऱ्या महिन्यापासून साडेतीन तारे, ते अजून कायम आहेत.

प्रस्तावनेत ‘पहिली, पहिली’ असा गजर आहे, पण जे हवे ते नाही. 1850 च्या 21 व्या कायद्याने धर्म बदलला तरी वारसाहक्क जात नव्हता. 1856 च्या 15 व्या कायद्याने विधवाविवाह कायदेशीर झाला, पण त्याच्याच कलम 2 प्रमाणे पुनर्विवाह केला की मेलेल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क सुटायचा. पुस्तक आले त्याच्या पुढच्याच वर्षी. शेवटी यमुना ख्रिस्ती होते आणि ख्रिस्ती तरुणाशी लग्न करते, तेव्हा एका पावलाचा कायदेशीर भुर्दंड काय आणि दुसऱ्याचा काय, हे दोन ओळींच्या टिपेत आले असते.

त्या शेवटाशी मात्र माझे अजून जमत नाही. नवरा मरतो, नायिका तारण पावते, चांगला वर मिळतो, जणू विश्वास ठेवला की देव व्याजासकट परतफेड करतो. ख्रिस्ती कादंबरीला ही खोड सगळीकडे आहे: देवाच्या योजनेच्या नावाखाली लेखक आपलीच योजना पुढे दामटतो. विधवेचे लग्न बायबलातल्या रूथच्या पुस्तकातही होते. पण तिथे रूथच्या विधवा सासूला, नामीला, आधी मोकळेपणी कडू होऊ दिले आहे, मला नामी म्हणू नका, ‘मारा’ (म्हणजे कडू) म्हणा, आणि तिला कोणी दोन वचने ऐकवून गप्प करत नाही. पुढे रूथशी लग्न करणारा शेतमालक बवाज प्रवचन देत नाही. गड्यांना सांगतो, पेंढ्यांतली काही कणसे रूथसाठी मुद्दाम पडू द्या. याकोबाच्या पत्रात (1:27) शुद्ध धर्म म्हणजे अनाथ-विधवांचा समाचार घेणे असे साफ आहे, त्यात आधी त्यांचे मत वळवा अशी अट नाही. पदमनजींना हे कळत नव्हते असे नाही. हकिगतींत ते समाचारच घेत आहेत, शेवटच्या पानांत मात्र हिशेब जुळवायला बसतात.

चर्चच्या मंडळीच्या वाचनगटासाठी घेणार असाल तर वादाची पाने घरी वाचायला सांगा आणि बैठकीत फक्त हकिगती मोठ्याने वाचा, नंतर रूथ 1 आणि 2. वाचणाऱ्याच्या हातात ठिपके लावून तयार केलेलीच प्रत द्या, नाही तर ‘ती’ की ‘तीं’ यावरच अर्धा तास जातो.

दुसरी प्रत घेणार नाही. दुरुस्त केलेल्या प्रतीत अजून साठेक पानांचे ठिपके लावायचे बाकी आहेत.